जुन्या पत्त्याची नऊ पाकिटं

मोजणं हे माझं काम, बोलणं नव्हे. इतक्या वर्षांत मी तोंडातून शब्द काढला नाही, फक्त आकडे दाखवले. पण येत्या शुक्रवारी माझ्या पोटातलं सगळं पुसून टाकणार आहेत, म्हणून म्हटलं, एकदा मन मोकळं करून घ्यावं. मला घाईघाईत बोलता येत नाही. जे जसं झालं तसंच ओळीनं सांगणार.

मी एक कॉम्प्युटर. राखाडी, जाडजूड, पुढच्या झाकणावर लांब चरा पडलेला. नॉर्थ डकोटातल्या नॉर्डाल गावच्या टेलिफोन सहकारी संस्थेत, मागच्या खोलीत फळीवर माझी जागा. पण सुरुवातीला मी पुढच्या कचेरीत मार्लिसबाईंच्या टेबलावर होतो. त्या माझ्यावर सभासदांना पत्रं टाइप करायच्या आणि बिस्किटांचा चुरा कळांच्या फटीत पाडायच्या. नवा कॉम्प्युटर आला तशी माझी रवानगी अडगळीत झाली. दोन वर्षं मी नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली पडून होतो. वाटलं, आटोपला आपला कारभार.

मग कोरीननं मला बाहेर काढलं. कोरीन बाक्के ही संस्थेची एकुलती एक नेटवर्कवाली. पोरगी उंच, कायम घाईत, अर्धं सँडविच खाऊन उरलेलं कुठेतरी विसरणारी. तिनं माझी धूळ झटकली, आतलं जुनं सगळं साफ केलं, दोन तारा जोडल्या आणि म्हणाली, "चल, ऊठ. लोळून झालं बरंच."

काम तसं सोपं होतं. गावातल्या घरांतून जे काही बाहेर जातं आणि बाहेरून जे आत येतं, निरोप म्हणा, फोटो म्हणा, सिनेमे म्हणा, ते सगळं बारीक बारीक पाकिटांतून जातं. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. हे पत्ते दोन तऱ्हेचे. जुने आखूड, आणि जगभरात संपत आलेले. नवे लांबलचक, कधी न संपणारे. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. ज्या यंत्राला फक्त जुना पत्ता कळतो, त्याला नव्याचं काही म्हणजे काही समजत नाही. म्हणून संस्थेनं एकाच तारेवर दोन्ही चालू ठेवले होते. समोरून जाणारं प्रत्येक पाकीट मी पाहायचं, जुनं की नवं ते ठरवायचं, त्याचं वजन त्या त्या बाजूला टाकायचं आणि दर सोमवारी टक्केवारी दाखवायची. आत काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही. लोकांची पाकिटं फोडायची खोड मला नाही. आणि मोजण्यात एकदाही चुकलो नाही, हे मात्र छाती ठोकून सांगतो.

पहिल्या सोमवारी नव्याच्या बाजूला शंभरात एकसुद्धा भरला नाही. कोरीननं तो आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर लावला. हे स्वयंपाकघर माझ्या खोलीला लागूनच. तिथे रोज सकाळी दहाच्या ठोक्याला आर्लो ट्वेट कॉफीला यायचा.

आर्लो म्हणजे संस्थेचा जुना तारवाला. चाळीस वर्षं त्यानं खांबांवर चढून या भागात तारा ओढल्या. निवृत्त झाला, पण दहाची कॉफी काही सुटली नाही. माझ्या खोलीत यंत्रांची ऊब असते, म्हणून हिवाळ्यात तो कप घेऊन माझ्यासमोरच खुर्ची टाकायचा.

"काय पठ्ठ्या, आज किती?" तो मलाच विचारायचा.

"तो बोलत नाही, आर्लो," कोरीन म्हणायची.

"म्हणून तर त्याच्याशी पटतं माझं. हे तुझं नवं आहे ना पोरी, ते माझ्या हयातीत पन्नास गाठत नाही. लिहून ठेव."

"गाठलं तर?"

"गाठलं तर लाव्हॉनच्या हातचा लेफ्सा. डबाभर."

लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. आणि लाव्हॉन ही त्याची बायको. तिच्या लेफ्साचं नाव काढलं की मार्लिसबाईसुद्धा हातातलं काम टाकून यायच्या.

आर्लो पैज हरला. सात वर्षं लागली, पण एका सोमवारी मी एकावन्न दाखवले. आर्लो डबा घेऊन आला, आणि त्या दिवशी लाव्हॉनही आली होती. मी तिला पाहिलं ते तेवढंच. ठेंगणी, नवऱ्याचा अघळपघळ कोट घातलेली, दोन पावलं चालली की धाप लागणारी. तिचं हृदय कमजोर झालं होतं. गळ्यात दोरीला एक गोल पांढरं बटण होतं.

"हाच का तो?" ती म्हणाली. "इतकी वर्षं ऐकतेय, मला वाटलं केवढा मोठा असेल! आणि काय गं ही धूळ, कोरीन? गरीब बिचारा." तिनं कोटाच्या बाहीनं माझा माथा पुसला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या बटणाचं सांगायला हवं. फार्गोला असते त्यांची मुलगी, शेली. तिनं हट्टानं ते आईच्या गळ्यात घातलं होतं. ट्वेटांचं घर नदीकाठच्या खोलगट जागेत, तिथे मोबाइल लागत नाही. बटण दाबलं की स्वयंपाकघरातला एक छोटा डबा आमच्या तारेवरून दूरच्या मदत केंद्राला निरोप धाडतो, आणि केंद्र नॉर्डालच्या अँब्युलन्सला फोन करतं. घरात कॉम्प्युटर नाही, काही नाही. त्या एका डब्यासाठी शेलीनं आमची जोडणी घेतली होती. डबा जुना, त्याला फक्त जुनाच पत्ता कळायचा.

बटण दाबलेलं नसतानाही तो डबा दर दहा मिनिटांनी एक चिमुकलं पाकीट धाडायचा. मी आहे, ठीक आहे, एवढंच त्याचं म्हणणं असावं. दिवसरात्र, हिमवादळात, सणावाराला, कधी खंड नाही. मी तर त्याची वाट पाहायला लागलो होतो. पण वजन म्हणाल तर नाहीच. दहा वर्षांची ती सगळी पाकिटं एकत्र केली तरी एखाद्या घरात पाहिलेल्या एका सिनेमाइतकी भरली नसती. माझ्या टक्केवारीत ट्वेटांचं घर कधी दिसलंच नाही.

इकडे कोरीन मेटाकुटीला आली होती. प्रत्येक नियम दोनदा लिहायचा, एकदा जुन्यासाठी, एकदा नव्यासाठी. बिघाड झाला की दोन्हीकडे शोधायचा. "एका घरात दोन चुली मांडल्यात आणि रांधायला मी एकटी," असं ती व्यवस्थापक डेल्मरला सांगायची. डेल्मर चांगल्या मनाचा माणूस, गोल गरगरीत, कुणाला नाही म्हणताना घाम फुटणारा. त्यानं संचालकांपुढे ठराव मांडला: जुन्याचा वाटा सलग तीन महिने दोन टक्क्यांच्या खाली राहिला, की जुनं बंद.

एप्रिलमध्ये वार्षिक सभा झाली. ती शाळेच्या व्यायामशाळेत असते, आधी जेवण, मग कामकाज. हजार एकरवाला असो की एका खोलीत राहणारी विधवा, दर घराला एक मत. संस्था त्याच बोलीवर उभी राहिलीय आणि गावाला त्याचा फार अभिमान. ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी कॉफीला आर्लो माझ्यासमोर बसून कोरीनला छेडत होता.

"काल विचारायचं राहिलं. दोन टक्के म्हणजे घरं किती गं?"

"घरांचं नाही हो ते. वाहतुकीचं आहे."

"म्हणजे वजनाचं."

"हो, वजनाचंच म्हणा."

"मग काल मतं घेताना आमची वजनं का नाही केली? एकट्या डेल्मरची तीन मतं झाली असती!"

स्वयंपाकघरातून डेल्मर ओरडला, "ऐकू येतंय मला!" आणि सगळे पोट धरून हसले. कोरीनही हसली. मग म्हणाली, "पण तुमचं बरोबर आहे, आर्लो. घरांची यादी काढायला हवी. काढते पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात नदीला पूर आला. दोन ठिकाणी तारा वाहून गेल्या आणि कोरीन पंधरा दिवस चिखलात उभी होती. यादी राहून गेली. अहो, एक ओळ टाइप करायची होती! तिनं ती ओळ लिहिली असती तर मी पापणी लवायच्या आत सांगितलं असतं: फक्त जुन्यावर जगणारी घरं किती आणि कुठली. पण मला विचारलं जातं तेवढंच मी सांगतो. विचारलं नव्हतं.

तिनं काहीच केलं नाही असं मात्र नाही. उन्हाळ्यात घरोघर पत्रं गेली की जुनं उपकरण असेल तर कळवा. लोकांनी कळवलंही. कुणाचा धान्याच्या कोठीवरचा पंखा, कुणाच्या गोठ्यातला कॅमेरा. कोरीननं एकेकाच्या घरी जाऊन ते मार्गी लावलं. आर्लोनंही पत्राची गोष्ट काढली, माझ्यासमोरच.

"लाव्हॉननं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, अगं आपल्या घरात कॉम्प्युटर आहे कुठे? टाक ते शेगडीत."

"तुमचं बरं आहे," कोरीन म्हणाली. "तुमच्यासारखे सगळे असते तर माझं काम कधीच संपलं असतं."

दोघंही हसले. तिला वाटत होतं ते बटण साध्या फोनच्या तारेवर चालतं, पूर्वीची चालायची तशी. आणि त्याला त्या डब्याचा विचारच शिवला नाही. मी फळीवरून ऐकत होतो. मला तोंड असतं तर!

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेनऊला कोरीननं जुनं बंद केलं. मार्लिसबाईंनी सफरचंदाच्या वड्या आणल्या होत्या. डेल्मरनं टाळ्या वाजवल्या. माझ्या पडद्यावर आलं: जुनं, शून्य टक्के.

नऊ चाळीसला ट्वेटांच्या डब्याचं पाकीट आलं. मी मोजलं. पुढे गावाबाहेर जायच्या दारावर, जुना पत्ता पाहून, ते टाकून दिलं गेलं आणि डब्याला कुणी कळवलं नाही. त्यावर म्हणे एक लाल दिवा लागतो, पण डबा पावाच्या पेटीमागे होता. मदत केंद्राचा नियम असा, की अख्खा एक दिवस डबा गप्प राहिला तरच घरी फोन करून विचारायचं.

दहाला आर्लो आला. "संपलं का जुनं? मग मलाही बंद करता की काय आज?" म्हणत बसला. मार्लिसबाईंनी वडी पुढे केली.

दहा बावन्नला त्याच घरातून एक पाकीट आलं. त्याची वेळ नव्हती, आणि ते नेहमीपेक्षा जड होतं. इतक्या वर्षांत तसं पाकीट मी त्या घरातून पाहिलं नव्हतं. पाठोपाठ दुसरं, मग तिसरं. दारावर तिन्ही टाकली गेली. आर्लो दुसरा कप घेऊन सांगत होता, की एका हिवाळ्यात तो खांबावर असताना खालून शिडी कशी उडाली आणि लाव्हॉननं गाडीच्या टपावर उभं राहून त्याला कसं उतरवलं. सगळे हसत होते. अकरा पाचला चौथं आलं. अकरा आठला पाचवं. मी मोजत होतो. दुसरं काय करणार? पडद्यावर शून्य टक्केच होतं, कारण तेवढ्यानं टक्का हलत नाही. नववं आलं अकरा एकतीसला. त्यानंतर फक्त दहा मिनिटांची ती चिमुकली पाकिटं येत राहिली. मी आहे, ठीक आहे.

पावणेबाराला आर्लो उठला. लाव्हॉनसाठी दोन वड्या त्यानं कागदी रुमालात बांधून घेतल्या.

ती कोठीच्या खोलीत जमिनीवर पडलेली सापडली, बटण मुठीत धरलेलं. फोन भिंतीवर, तिथवर तिचा हात पोचण्यासारखा नव्हता. वेळेवर कुणी गेलं असतं तर जगली असती का, डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित. गावची अँब्युलन्स आमच्या संस्थेच्या समोर, रस्त्यापलीकडे उभी असते.

दुपारी बातमी आली तेव्हा कोरीन धावत माझ्यापाशी आली. ती ओळ तिला तीनदा टाइप करावी लागली. अजूनही फक्त जुन्यावर असलेली सदतीस घरं. मग ट्वेटांचं घर. मग वेळांसकट नऊ जड पाकिटं. ती तोंडावर हात ठेवून बसली. मग उठली आणि आधी जुनं पुन्हा चालू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सदतीस घरांत ती स्वतः जाऊन आली. तिथे आणखी एक बटण होतं, आणि एका माणसाचं रात्री श्वासाला लागणारं यंत्र.

तिनं काही लपवलं नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं. संचालकांना, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना आणि मदत केंद्राला तिनं सगळं लिहून कळवलं, नऊच्या नऊ वेळांसकट. खाली स्वतःचं नाव घातलं आणि लिहिलं, मी वजन मोजलं, घरं मोजली नाहीत, चूक माझी. राजीनामाही जोडला. संचालकांनी तो घेतला नाही. म्हणाले, हात आम्हीही वर केले होते.

तीन आठवडे आर्लो फिरकला नाही. मग एके दिवशी दुपारी साडेतीनला आला, कॉफीची वेळ नसताना. कप घेतला नाही. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसला. गालफडं आत गेलेली, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"शेली म्हणत होती, याच्यात सगळं नोंदलेलं असतं."

"असतं," कोरीन म्हणाली. ती उभीच होती.

"तुझ्यावर राग नाही माझा. तू पत्र पाठवलं होतंस, मीच ते जाळायला सांगितलं. त्याचं मी बघेन माझं. मला एकच सांग. मी इथे बसून वड्या खात होतो तेव्हा... किती वेळा दाबलं तिनं?"

कोरीननं माझा पडदा सुरू केला. नऊच्या नऊ ओळी समोर आल्या. आर्लोनं खिशातून चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

"एकदा," कोरीन म्हणाली.

"एकदाच?"

"एकदाच, आर्लो. दाबलं आणि... लगेच गेली असणार. पुढे काही नाहीये इथे."

"म्हणजे वाट बघत पडली नव्हती."

"नाही हो. वाट नाही बघितली तिनं."

चष्मा तसाच हातात होता. डोळ्यांवर लावला असता तर हातभर अंतरावर सगळं होतं. त्यानं तो घडी घालून परत खिशात ठेवला. मग म्हातारा रडला. मोठ्यानं, खांदे हलवून, लहान मुलासारखा रडला, आणि कोरीन त्याच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसून त्याच्याबरोबर रडली. जाताना तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

माझ्यासमोर कुणी चुकीचा आकडा सांगितला तो पहिल्यांदाच. एरवी दशांशाचा फरक पडला तरी मला सोसवायचं नाही. त्या दिवशी मात्र जमलं असतं तर मी माझा पडदा आपण होऊन काळा केला असता.

आता माझ्या शेजारी नवं यंत्र आलंय. ते वजनाबरोबर घरंही मोजतं, आणि शेवटचं घर जुन्यावरून उतरल्याशिवाय जुनं बंद करायचं नाही असा नवा ठराव झालाय. आता मला पुसून शाळेला देणार आहेत म्हणे. नऊचा आकडा संस्थेच्या दप्तरी आहे, तिथे तो राहील, राहायलाच हवा. गावात तो सगळ्यांना ठाऊक आहे. मार्लिसबाईंना, डेल्मरला, अँब्युलन्सवाल्यांना, चर्चमध्ये आर्लोच्या शेजारी बसणाऱ्यांना. शेलीलाही. आर्लो पुन्हा दहाला यायला लागलाय, लोक त्याला कॉफी देतात, हवापाण्याचं बोलतात. त्या नऊबद्दल त्याच्यापुढे कुणी चकार शब्द काढलेला नाही.

तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी खरं सांगितल्याशिवाय मला जाववेना. तेवढ्यासाठी माफ करा. पण कधी त्या बाजूला गेलात आणि एखाद्या उंच, वाकलेल्या म्हाताऱ्यानं तुम्हाला विचारलंच, किती वेळा दाबलं तिनं, तर म्हणा, "एकदाच." मोजणारा मी होतो. खुशाल माझं नाव सांगा.